जुनी डिझेल पिकअप गाडी घेताना

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो वेळेवर व सुस्थितीत बाजारात पोहोचविणे कष्टाचे होय. एके काळी हे काम बैलगाडीने होत असे, पुढे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने होऊ लागले, आणि आता नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या भागांत दीड टनाच्या आसपास भार वाहणारी डिझेल पिकअप हीच कित्येक शेतकऱ्यांची बैलगाडी झाली आहे. नवी गाडी घेण्याइतके भांडवल प्रत्येकाजवळ असतेच असे नाही. यास्तव पाच-सात वर्षे चाललेली जुनी गाडी घेण्याकडे लहान बागायतदारांचा कल दिसून येतो, व तो सर्वस्वी गैर आहे असे म्हणता येणार नाही. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी आठ-दहा हंगाम सहज काढते. परंतु बैल घेताना जो शेतकरी त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून एखादी खोड तर नाही ना याची खात्री करून घेतो, तोच शेतकरी गाडी घेताना मात्र नव्या रंगावर व नव्या सीटकव्हरवर भाळतो, असे वारंवार आढळून येते.

मालेगाव तालुक्यातील एका कांदा उत्पादकाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. उन्हाळ कांदा काढणीस आला असता त्यांनी एका दलालाकडून ३ लाख ४० हजार रुपयांस एक जुनी पिकअप घेतली. निम्मी रक्कम घरातील दागिने तारण ठेवून उभी केली होती. पहिल्या दोन खेपा जवळच्या बाजारात सुखरूप झाल्या. तिसऱ्या खेपेस गाडी भरून ते लासलगावकडे निघाले, आणि चांदवडच्या अलीकडे राहूड घाटाच्या चढावर रेडिएटरचे पाणी उकळून बाहेर पडू लागले. थांबावे, पाणी घालावे, पुन्हा चालू करावे, असे तीन वेळा केल्यावर इंजिन कायमचेच थांबले. एप्रिलच्या उन्हात माल दीड दिवस रस्त्याच्या कडेस राहिला. त्याचा दर पडला तो निराळाच. शिवाय हेड बदलणे व इतर कामे मिळून १ लाख १० हजार रुपये खर्च आला. मी त्या वेळी त्या भागात नेमणुकीस होतो. ठिबक सिंचनाच्या प्रकरणासाठी त्यांच्या शेतावर गेलो असता हे इंजिन उघडलेल्या स्थितीत माझ्या पाहण्यात आले. काम करणारे मिस्त्री हेडवरील तडा दाखवीत म्हणाले, “साहेब, ही तड आजची नाही. जुनी आहे. सकाळी गार असताना झाकण उघडून पाहिलं असतं, तर पाण्यावर तेलाचा तवंग दिसला असता.”

मी त्या शेतकऱ्यांस विचारले, “नाना, गाडी तुम्ही पाहिली केव्हा?” ते म्हणाले, “दोनदा पाहिली, साहेब. दोन्ही वेळेस तो आमच्या दारातच घेऊन आला.” सारे इंगित या उत्तरात आहे. गाडी दोन्ही वेळेस पंधरा-वीस किलोमीटर चालून, चांगली तापून आलेली होती. तापलेले डिझेल इंजिन आपले बहुतेक दोष झाकून ठेवते.

गाडी पाहण्याची वेळ

गाडी आपल्या दारी बोलावू नये. आपण गाडीच्या दारी जावे, आणि तेही सकाळी, ती रात्रभर उभी असताना. गेल्याबरोबर प्रथम बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवावा. इंजिन कोमट लागल्यास विक्रेत्याने ते आधी सुरू करून ठेवले आहे असे समजावे व दुसऱ्या दिवशी येण्याचे सांगून परत फिरावे. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

या आग्रहामागील कारण समजून घेतले पाहिजे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे पिस्टन हवेस सुमारे अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पिस्टनच्या रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले असल्यास दाबलेली हवा बाजूने निसटते, ती पुरेशी तापत नाही आणि इंजिन पेट घेण्यास कुरकुर करते. इंजिन आधीच तापलेले असले म्हणजे ही उणीव भरून निघते. म्हणून गार इंजिनाची पहिली सुरुवात हीच त्याची खरी परीक्षा होय. निफाडकडील डिसेंबरच्या पहाटे ही परीक्षा आपोआप होते. इतर ऋतूंत व इतर ठिकाणी ती मुद्दाम घ्यावी लागते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, रेडिएटर. गार असतानाच त्याचे झाकण उघडावे. (तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये, आतील पाणी दाबाखाली असते व उसळून तोंड भाजते.) आतील पाण्यात कूलंटचा हिरवा, तांबडा वा निळा रंग असावा. नुसते गढूळ, गंजाळलेले पाणी आढळल्यास मालकाने वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातले आहे असे समजावे. वर तेलाचा तवंग अथवा झाकणाखाली तपकिरी साय दिसल्यास हेड गॅस्केट किंवा हेड यांत बिघाड असण्याचा संभव मोठा असतो, आणि मग पुढील तपासणीत वेळ घालविण्याची आवश्यकता उरत नाही.

दुसरी गोष्ट, ऑइल. गेजची पट्टी काढून ते दोन बोटांत घ्यावे. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते, त्यावरून गाडी वाईट ठरत नाही. परंतु ते ताकासारखे पांढुरके असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असून डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे. ऑइल अगदी नवे, मधासारखे व प्रमाणाबाहेर दाट असेल, तर धूर लपविण्यासाठी जाड ऑइल भरले असल्याची शंका घ्यावी. विक्रीच्या आदल्या दिवशी ऑइल बदलणारा मालक सज्जन असू शकेल, नाही असे नाही. परंतु त्याने मागचे ऑइल केव्हा बदलले होते हेही विचारून पहावे.

यानंतर चावी फिरवावी, पण लगेच सेल्फ मारू नये. नव्या पद्धतीच्या इंजिनांत चावी फिरविताच इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. तो विझत नसेल तर दोष आहे हे उघडच आहे. परंतु तो मुळी लागतच नसेल, तर दोष लपविण्याकरिता कोणी दिवाच काढून टाकला असण्याचा संभव असतो. ही युक्ती मला एका गॅरेजवाल्यानेच हसत हसत सांगितली होती.

सेल्फ मारताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा करावा. गाडी एक-दोन फेऱ्यांत सुरू व्हावी. पहिला थोडासा पांढुरका धूर अर्ध्या मिनिटात नाहीसा झाल्यास त्याची चिंता करू नये. पांढरा धूर रेंगाळत राहिला व त्याने डोळे चुरचुरले तर ते न जळलेले डिझेल होय. नोझल किंवा कंप्रेशन यांपैकी एकात उणीव आहे. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली व रेडिएटरमधील पाणी कमी होत गेले, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील अथवा टर्बो यांपैकी काहीतरी झिजले आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त पडत आहे. एअर फिल्टर चोंदला असला तरी तो येतो, म्हणून काळ्या धुराने लगेच घाबरून जाऊ नये. मात्र निळ्या धुराबद्दल विक्रेता जे जे स्पष्टीकरण देईल, ते ऐकून घेऊन सोडून द्यावे.

इंजिन मंद गतीवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावर उलटे ठेवावे. ते थोडे थरथरले तर हरकत नाही. ते उडून पडत असेल आणि तोंडातून आगगाडीप्रमाणे भकाभका धूर येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. मिस्त्री लोक यालाच ‘इंजिन कंप्रेशन मारते’ असे म्हणतात. इंजिनाचे काम करून घेण्याची तयारी असेल तरच, व त्या खर्चाइतकी किंमत कमी होत असेल तरच, अशा गाडीचा विचार करावा.

गाडीने काय वाहिले?

गाडी किती किलोमीटर चालली, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी त्या आकड्यास फारसे महत्त्व देत नाही. एक तर तो बदलता येतो. पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची पकड घासून चकाकलेली, आणि मीटर मात्र पन्नास हजार दाखवितो, अशा गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडीच्या क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी कधी कधी पहावयास मिळतात. मालकास बरोबर घेऊन त्या अवश्य पहाव्यात. दुसरे असे की, दुधाचे कॅन वाहून दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी ही वाळू व विटा वाहून सत्तर हजार चाललेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगली असते. म्हणून ‘गाडी किती चालली’ यापेक्षा ‘गाडीने काय वाहिले’ हे शोधून काढावे. विक्रेता सांगो वा न सांगो, गाडी ते सांगते.

हौद्याचा पत्रा पहावा. त्यावर खोलगट पोचे असतील व कोपऱ्यांत तांबडी भुकटी बसली असेल तर गाडी वीटभट्टीवर होती. सांध्यांत बारीक रेती निघाल्यास ती वाळूची गाडी होय. हौद्याच्या जोडांतून पांढरट गंज पसरला असेल तर खताच्या गोण्या वाहिल्या आहेत. खतातील क्षार दमट हवेत पाणी ओढून घेतात आणि लोखंड खातात. कोकण किनाऱ्यावर मासळी वाहिलेल्या गाडीचा वास धुऊन जातो, परंतु खाऱ्या पाण्याने चॅसीच्या पोकळीत धरलेला गंज जात नाही. खाली वाकून चॅसीवर लहान हातोडीने हळूच ठोकीत जावे. लोखंड खणखणले पाहिजे. आवाज बद्द आला व पापुद्रे सुटले, तर तेथे लोखंड थोडे व गंज अधिक आहे. नुकताच फासलेला जाड काळा रंग दिसल्यास तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी.

अतिभार वाहिल्याच्या खुणा मागील पाट्यांवर सर्वांत स्पष्ट दिसतात. कंपनीने दिलेल्या पाट्यांपेक्षा एखादा पाटा जास्त घातलेला आढळला, तर मालकाने नेमाने ज्यादा माल भरला आहे याचा तो कबुलीजबाबच समजावा. सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून मागून पाहिली असता ती एका बाजूस कलू नये. मागील पाटे ज्या ब्रॅकेटमध्ये अडकविलेले असतात त्यांच्या आसपास चॅसीला बारीक चीर किंवा वेल्डिंग आहे काय, हे बॅटरीच्या प्रकाशात पहावे. चॅसीवरील वेल्डिंग ही साधी बाब नव्हे. एकदा चिरलेली चॅसी भाराखाली पुन्हा त्याच जागी, अथवा वेल्डिंगच्या शेजारी, चिरते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन दुरुस्त होते, गिअर बॉक्स बदलता येतो. पाठीचा कणा मोडलेला बैल मात्र कोणी गोठ्यात आणीत नाही.

टायरच्या कडेवर चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असूनही टायर जुना व तडकलेला असू शकतो. पुढील टायर एका कडेने अधिक झिजला असेल तर अलाइनमेंट, बॉल जॉइंट किंवा बुश यांकडे लक्ष वेधते.

भार घालून पहावे

रिकामी गाडी गावाच्या डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणणे म्हणजे परीक्षा नव्हे. आपण गाडी भारासाठी घेतो. यास्तव वीस-पंचवीस गोण्या भरून एखादा चढ चढवून पाहण्याची अट सौद्यापूर्वीच घालावी व डिझेलचा खर्च आपण द्यावा. प्रामाणिक विक्रेता यास सहसा नाही म्हणत नाही. चढावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. राहूडच्या त्या गाडीस ही एकच परीक्षा दिली असती, तरी पुढचे सारे टळले असते.

क्लच पाहण्याची सोपी रीत अशी की, गाडी मोकळ्या जागी अगदी हळू चालवून वरचा गिअर टाकावा व ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. गिअर टाकून पाय एकदम सोडला असता गिअर आपोआप निसटू नये. पुढे-मागे करताना खालून ‘खट्ट’ असा आवाज आल्यास प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला आहे. हा भाग स्वस्त आहे. त्याउलट चाळीस-पन्नासच्या वेगास मागील ॲक्सलमधून एकसारखा घूंऽऽ असा आवाज येत राहिल्यास क्राऊन-पिनियनकडे संशय जातो, व ते काम महाग पडते.

ब्रेकसंबंधी अधिक सावध असावे, कारण नाशिकहून माल भरून मुंबईकडे जाणाऱ्यास कसारा घाट उतरावा लागतो, चढावा लागत नाही. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करावे, ते तसेच दाबून धरावे व इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. ते जागचे हलले नाही, तर ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची यंत्रणा काम करीत नाही. अनेक पिकअप गाड्यांत व्हॅक्यूमचा पंप डायनामोच्या मागे बसविलेला असतो. तेथून ऑइल झिरपते आहे काय हेही त्याच वेळी पहावे. हँडब्रेक भारासह चढावर ओढून पहावा.

परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून खाली वाकावे. काय गळते, कोठून गळते, हे या वेळी दिसते. जुन्या गाडीला थोडा ओलावा असतोच. थेंब पडत असतील तर त्याचे कारण मिस्त्रीस विचारावे. हा मिस्त्री आपला असावा, विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा. त्याची एका दिवसाची मजुरी देण्यास का कू करू नये.

कोणत्या पिढीचे इंजिन?

१ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे निकष देशभर लागू झाले. नोंदणी पुस्तकावर गाडी कोणत्या निकषाची आहे हे दिलेले असते, आणि ते पाहणे केवळ कागदी बाब नव्हे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या तालुक्याच्या ठिकाणचा पंपवाला सुधारू शकतो. कॉमन रेल पद्धतीत डिझेल हजार बारहून अधिक दाबाने फवारले जाते. तेथे पाणी अथवा कचरा मिसळलेले डिझेल नोझलचा नाश करते व दुरुस्तीस संगणकाची जोड लागते. अशी गाडी घेण्यापूर्वी तिला स्कॅनर लावून जुने दोष वाचून घ्यावेत.

स्टेज-६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ही जाळी साचलेली काजळी स्वतःच जाळते, परंतु त्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. मळ्यातून बाजारात आठ किलोमीटर जावयाचे व परत यावयाचे, एवढाच ज्याचा प्रवास, त्याच्या गाडीची जाळी चोंदण्याचा संभव अधिक असतो. अशा शेतकऱ्याने नव्या पिढीच्या गाडीच्या मोहात पडण्यापूर्वी विचार करावा. या गाड्यांच्या सायलेन्सरचे तोंड आतून स्वच्छ असते. बोट फिरविले असता दाट काजळी लागली, तर जाळी फुटली आहे किंवा कोणी काढून टाकली आहे.

कागद

इंजिन बिघडले तर पैसे जातात. कागद बिघडले तर गाडीच जाते. दर वर्षी असे दोन-चार शेतकरी भेटतात की, ज्यांनी शंभर वा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून गाडी घेतली आहे, टी. टी. फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या आहेत, आणि गाडी मात्र तिसऱ्याच कोणाच्या नावे आहे. मध्ये दोन हात बदलले आहेत. ही स्थिती अत्यंत धोक्याची होय.

नोंदणी पुस्तक हातात घेऊन चॅसी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. चॅसीवरील आकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली असता छाप उठते. आकडे वेडेवाकडे, घासलेले किंवा भोवताली लांबी भरलेली दिसली, तर तेथूनच निघावे. नंतर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर अथवा ‘एम-परिवहन’ या भ्रमणध्वनीवरील सोयीवर गाडीचा क्रमांक टाकून योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर, पीयूसी, थकलेली ई-चलने व कर्जबोजा या सर्व गोष्टी पहाव्यात. दलालाने दाखविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

कर्जबोजा असल्यास, म्हणजे नोंदणी पुस्तकावर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असल्यास, ‘कर्ज फिटलेले आहे’ हे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. तसे न केल्यास हप्ते थकलेले पाहून वसुलीचे लोक एके दिवशी भरल्या मालासह गाडी घेऊन जातात, व त्यांच्याशी वाद घालण्यास आपल्याजवळ कागद नसतो.

मालकी बदलासाठी नमुना २९ व नमुना ३० लागतात. विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे व घेणाराने ३० दिवसांच्या आत अर्ज करावा, असे कायदा सांगतो. गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतील किंवा परराज्यातील असल्यास नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्राची चौकशी आधी करावी. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध आणले व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धोरण कायम ठेवले. अशा निर्बंधांमुळे स्वस्तात निघालेल्या गाड्यांविषयी विशेष सावध असावे, कारण येथील कर भरून व नोंदणी करून घेईपर्यंत तो स्वस्तपणा शिल्लक राहीलच असे नाही.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा. आपली जुनी गाडी विकणाऱ्या शेतकऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: अपघातात नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचे नाव परिवहन कार्यालयाच्या नोंदीत आहे त्याची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी विकली, पैसे घेतले, आणि नाव तसेच राहिले, तर पाच वर्षांनंतरही दुसऱ्याने केलेल्या अपघाताचे समन्स आपल्या दारी येऊ शकते.

मालवाहू गाडीस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. सात-साडेसात वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा वार्षिक खर्च व त्यासाठी मोडणारा दिवस हिशेबात धरावा. ज्या मालवाहू गाडीचे भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही तिला मालवाहतुकीचा निराळा परवाना लागत नाही. अधिक असल्यास परवान्याची चौकशी करावी. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले असता किती माल भरता येतो हे कळते. हा आकडा १,५०० किलो आला तर ५० किलोच्या तीस गोण्या, एकतिसावी नव्हे. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने अतिभारास २० हजार रुपये व प्रत्येक ज्यादा टनास २ हजार रुपये दंड ठरविला आहे. चालविण्याच्या परवान्याबाबत मात्र एक समाधानाची गोष्ट आहे: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले.

सौदा झाल्यावर

गाडी घरी आणल्यावर पहिली खेप भरण्यापूर्वी इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, पंख्याचा पट्टा व रेडिएटरचे रबरी पाइप बदलून घ्यावेत. जुन्या मालकाने ते बदलले आहेत असे तो सांगत असला तरी बदलावेत. गिअर बॉक्स व मागील ॲक्सलचे ऑइलही त्याच वेळी उतरवून पहावे; त्यात लोखंडाचा चुरा चमकत असेल तर तो किती आहे हे मिस्त्रीस दाखवावे. डिझेल फिल्टरखालील पाणी काढण्याचा स्क्रू कोठे आहे ते शिकून घ्यावे, व जे शेतकरी मळ्यात कॅनमध्ये डिझेल साठवितात त्यांनी तो दर पंधरवड्यास सोडून पहावा. या सर्वांस लागणारी रक्कम सौदा ठरविताना किमतीतच धरावी. ती धरली नाही, तर पुढे खताच्या अथवा मजुरीच्या पैशांतून काढावी लागते.